एफवायच्या मुलांसाठी सिनिअरांचे आरोग्यवर्ग कसे चालवावेत

जुलैअखेर सभागृहात दोनशे मुलं बसवायची, बाहेरून डॉक्टर बोलवायचे, ‘युवक आणि आरोग्य’ असा फलक लावायचा, आभारप्रदर्शन झालं की वर्षाचा कार्यक्रम संपला, अशी बहुतेक कॉलेजांतली रीत आहे. त्या व्याख्यानात खरा प्रश्न एकही येत नाही. जांघेत नायटा झालाय किंवा तीन महिने पाळी आली नाही, हे माइक हातात घेऊन कोण विचारणार? तोच मुलगा त्याच रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, दादाला विचारतो, आणि दादा त्याला मेडिकलमधून आणायच्या ट्यूबचं नाव सांगतो. बहुतेक वेळा चुकीचं. सिनिअर सल्ला देतच असतात. त्या सल्ल्यात बरोबर माहिती आणि बरोबर दाराचा पत्ता घालायचा, एवढंच या उपक्रमाचं काम. पुढे या सिनिअरांना सोबती म्हटलं आहे. मुलं त्यांना दादा-ताईच म्हणतील, आणि तेच चांगलं.

आधी हिशोब

एफवायची, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाची, २४० मुलं धरली तर १५-१५चे १६ गट होतात. सोबत्यांच्या प्रत्येक जोडीकडे दोन गट, म्हणजे ८ जोड्या, १६ सोबती. तयार मात्र २० जणांना करा, कारण दिवाळीनंतर तीन-चार जण गळतातच. गट १५च्या वर नेऊ नका. पंधरा जण गोल बसतात, पंचवीस जण रांगेत बसतात, आणि रांग लागली की त्याचा तास होतो.

एक बैठक ५० मिनिटांची, दर पंधरा दिवसांनी, पहिल्या सत्रात पाच बैठका. वेळापत्रकातला मधला तास मागून घ्या. शेवटच्या तासाला ठेवलंत तर एसटीने अप-डाऊन करणारी निम्मी मुलं अर्ध्यातून दप्तर उचलतील, आणि ज्यांना या बैठकांची जास्त गरज आहे तीच ही मुलं असतात. खोली शक्यतो प्रयोगशाळेच्या बाजूची, दार बंद होणारी घ्या. त्या वेळात शिपाई मामांनी नोटीस घेऊन आत यायचं नाही, हे त्यांना आधी सांगून ठेवा.

पैसा फारसा लागत नाही. मोठे चार्टपेपर, मार्कर, कुलूप लागणारी एक पेटी आणि एकाच रंगाची ४० बॉलपेनं. वेळेची सोय राष्ट्रीय सेवा योजनेतून होते. स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. प्रशिक्षण आणि बैठकांचे तास त्यात धरले जातील, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून सुरुवातीलाच लेखी घ्या. तोंडी होकार मार्चमध्ये कुणाला आठवत नाही.

सोबती कसे निवडायचे

वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस घेणारा, सूत्रसंचालन करणारी, निवडणुकीत उभा राहणारा, हे तिघं आपोआप पुढे येतात. यातला एखादा चालेल, सगळे नकोत. उत्तम बोलणाऱ्याला गप्प बसणं जमत नाही, आणि या कामात निम्मा वेळ गप्प बसायचं असतं.

सोपी युक्ती आहे. एसवाय आणि टीवायच्या वर्गांत चिठ्ठ्या वाटा आणि एकच प्रश्न विचारा: ‘रात्री अकरा वाजता काही अडचण आली आणि घरी सांगता येत नसेल, तर वर्गातल्या कुणाला फोन कराल?’ तीच तीच नावं येतात. बऱ्याचदा ती शिक्षकांना माहीतही नसतात. त्यांना बोलवा, कामाचं स्वरूप सांगा, आणि नको म्हणायची पूर्ण मुभा द्या. अंतिम यादीत हॉस्टेलवाले, रूम करून राहणारे आणि अप-डाऊनवाले तिन्ही हवेत. मराठी माध्यमातून आलेले निम्मे तरी हवेत. कला शाखेला वगळून सगळे विज्ञानाचे घेणं ही नेहमीची चूक. शरीराचं ज्ञान विज्ञानवाल्यांनाच, हा गैरसमज त्यामागे असतो.

प्रशिक्षण

दोन पूर्ण दिवस, म्हणजे बारा तास, आणि एक अर्धा दिवस बाहेर. बारा तासांतले चारच तास माहितीला द्या. त्यासाठी डॉक्टर आणि समुपदेशक बोलवा. उरलेला वेळ सराव. एकाने एफवायचा मुलगा व्हायचं, दुसऱ्याने सोबती, तिसऱ्याने घड्याळ आणि वही घेऊन बसायचं. सोबत्याने पहिल्या तीन मिनिटांत किती वेळा उपाय सांगितला हे तिसऱ्याने मोजायचं. सुरुवातीला आकडा सहा-सातवर जातो. तो एकवर येईपर्यंत सराव चालू ठेवा.

अर्ध्या दिवसाची बाहेरची फेरी कुणीही वगळू नये. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात सगळ्यांना घेऊन जा. केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, ओपीडी किती वाजता बंद होते, त्वचारोगाचे डॉक्टर कुठल्या वारी असतात, एचआयव्हीची मोफत तपासणी आणि समुपदेशन करणारं आयसीटीसी कुठल्या खोलीत आहे, किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक चालू आहे का, की दारावर फक्त पाटी आहे, हे प्रत्येकाने स्वतः बघून वहीत लिहायचं. नुसतं ‘सरकारी दवाखान्यात जा’ म्हटलं तर मुलगा जात नाही. ‘मागच्या गेटने आत शिर, डावीकडे पहिला जिना, खोली अमुक, मंगळवारी साडेनऊला पोच, मी सोबत येतो’ असं म्हटलं तर जातो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मर्यादा ठरवा, आणि त्या सोबत्यांच्या तोंडून पाठ म्हणवून घ्या. औषधाचं नाव सांगायचं नाही. निदान करायचं नाही. स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे नाहीत. आणि ‘मी कुणालाच सांगणार नाही’ हे वाक्य कधीही बोलायचं नाही. त्याऐवजी म्हणायचं: ‘तू सांगितलेलं माझ्याकडेच राहील. जिवाचा प्रश्न असेल किंवा तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली असेल, तर मॅडमना सांगावं लागेल, पण ते तुला आधी सांगूनच.’

या शेवटच्या वाक्यामागे कायदाही आहे. एफवायला जुलैमध्ये येणारी बरीच मुलं सतरा वर्षांची असतात. अठराच्या आतल्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. हा भार एकोणीस वर्षांच्या सोबत्याच्या डोक्यावर ठेवू नका. त्याने त्याच दिवशी प्रभारी शिक्षकांकडे यायचं, पुढचं काम शिक्षकांचं आणि प्राचार्यांचं.

पहिली बैठक नायट्यापासून

पहिल्याच बैठकीत व्यसन, ताण, लैंगिकता असे विषय काढले की मुलं बुटांकडे बघत बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये हॉस्टेलात खाज कुणाला नसते? कपडे दोरीवर तीन दिवस वाळत नाहीत, ओलसर अंतर्वस्त्रं तशीच चढवली जातात, वर घट्ट जीन्स. नायटा, काही भागांत गजकर्ण म्हणतात तो, जांघेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली होतो. लाज वाटावी असा, पण हसत हसत बोलता येईल असा विषय आहे. इथे एकदा तोंड उघडलं की पुढचे विषय सोपे जातात.

बैठकीच्या आदल्या दिवशी निरोप द्या: खोलीत असलेली कुठलीही खाजेची ट्यूब खिशात घालून आणा. पंधरांत पाच-सहा तरी निघतात. त्या मधोमध ठेवा आणि बारीक अक्षरांतली घटकांची ओळ मुलांनाच वाचायला लावा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही लिहिलेलं असेल तर त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. मग फळ्यावर काय होतं ते काढा. पहिला दिवस: खाज थांबली. चौथा दिवस: लाली गेली, मुलगा खूश, ट्यूब बंद. दहावा दिवस: कडा आणखी बाहेर सरकली, वर्तुळात दुसरं वर्तुळ. पुन्हा तीच ट्यूब. स्टेरॉइड खाज दाबतं, पण बुरशीशी लढणारी त्वचेची ताकदही दाबतं, त्यामुळे बुरशी आतल्या आत पसरते. महिनोन्‌महिने लावलं तर जांघेतली कातडी पातळ होते आणि कायमचे पांढुरके चरे पडतात. हे ऐकताना एक-दोन मुलांचे चेहरे बदलतात. त्यांच्याकडे बघू नका.

पर्यायी ट्यूब मात्र सोबत्याने सांगायची नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध डाग गेल्यावरही त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावायचं, टॉवेल कुणालाही द्यायचा नाही, अंतर्वस्त्रं पूर्ण वाळवायची, ऊन नसेल तर शिवणींवरून इस्त्री फिरवायची, एवढं सांगायचं. खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुरळ असेल, आणि रूममेटही खाजवत असेल, तर खरजेचा संशय घ्या. मग खोलीतल्या सगळ्यांनी एकत्रच डॉक्टरकडे जायचं आणि एकाच दिवशी उपचार सुरू करायचे. एकट्याने केले तर पंधरा दिवसांत उरलेल्यांकडून परत येते.

प्रश्नपेटी

प्रत्येक बैठकीची शेवटची सात मिनिटं पेटीची. ए-फोर कागदाचे आठ सारखे तुकडे करा, सगळ्यांना तेच पेन द्या. काही विचारायचं नसेल त्याने ‘प्रश्न नाही’ असं तीनदा लिहायचं. ही अट महत्त्वाची आहे: सगळ्यांची पेनं सारखा वेळ हलली पाहिजेत, नाहीतर कोण लिहितंय हे शेजाऱ्याला कळतं आणि कुणीच लिहीत नाही.

उत्तरं तिथल्या तिथे देऊ नका. जोडीने घरी चिठ्ठ्या वाचायच्या, उत्तर डॉक्टर किंवा शिक्षकांकडून तपासून घ्यायचं आणि पुढच्या बैठकीत सुरुवातीला द्यायचं. एखाद्या चिठ्ठीत जीव नकोसा झाल्याचा सूर असेल तर ती पुढच्या बैठकीची वाट बघत नाही. त्याच दिवशी शिक्षकांना दाखवा. चावट प्रश्नही येणारच. ते बाजूला फेकू नका, सरळ आवाजात, शरीराचे नेहमीचे शब्द वापरून उत्तर द्या. चावटपणा दोन बैठकांत संपतो, आणि त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्यांखाली खरी भीती असते: आकाराची, हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो या समजाची. येत नाही.

खाणं, रक्त, पाळी

दुसऱ्या बैठकीत ‘संतुलित आहार’ हे शब्द फळ्यावर लिहू नका. प्रत्येकाने कालच्या दिवसात काय, किती वाजता खाल्लं ते लिहायचं. चित्र ठरलेलं: सकाळी नुसता चहा, अकराला वडापाव, दीडला मेसची पातळ आमटी आणि चार पोळ्या, सहाला चहा-बिस्किट, रात्री मॅगी. यात एकच गोष्ट जोडायची, सगळं बदलायचं नाही. मूठभर शेंगदाणे, साधारण ३० ग्रॅम, यातून सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात, अंड्यातून सहा. भिजवलेले हरभरे डब्यात ठेवता येतात. हजारो रुपयांच्या पावडरीच्या डब्याचा प्रश्न जिमला जाणारा कुणीतरी काढतोच. तेव्हा या आकड्यांशेजारी त्या डब्याची किंमत लिहा आणि पुढचा हिशोब त्यालाच करू द्या.

जेवणावर लगेच चहा नको, कारण चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. तासभर थांबा. पालेभाजीवर, डाळीवर लिंबू पिळलं तर उलट फायदा होतो. हिमोग्लोबिन मुलींचं १२च्या आणि मुलग्यांचं १३च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. शाळेत आठवड्याला मिळायची ती लोहाची निळी गोळी बहुतेकींनी खिडकीतून टाकलेली असते. कारण विचारलं तर पोट ढवळतं आणि शी काळी होते. काळी होणं निरुपद्रवी आहे, आणि जेवणानंतर घेतली तर ढवळणं कमी होतं. हे शाळेत कुणी सांगितलेलं नसतं. गडचिरोली, नंदुरबार, एकूणच विदर्भ आणि आदिवासी पट्ट्यातल्या कॉलेजांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही जोडून घ्यावी. तिथे नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी आकडा वर येत नाही, आणि मुलगी स्वतःलाच दोष देत राहते.

पाळीची बैठक आधी मुलींची वेगळी घ्या, मुलग्यांची त्याच आठवड्यात वेगळी. मग पुढच्या वेळी पंधरा मिनिटं एकत्र. ‘कावळा शिवला’, ‘बाजूला बसली’ हे शब्द मुलींनाच फळ्यावर लिहायला लावा, त्यावरच अर्धी बैठक चालते. माहिती नेमकी ठेवा: पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, रक्त कमी असलं तरी. पाळीचं चक्र २१ ते ३५ दिवसांचं असू शकतं, बरोबर २८ नसलं तर आजार नव्हे. रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त, पॅड तास-दीड तासात भिजणं, सलग तीन महिने पाळी न येणं, वर्ग बुडवावा लागेल इतकं दुखणं, यांपैकी काहीही असलं तर डॉक्टर. आणि बैठकीआधी कॉलेजच्या मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन बघा: पाणी आहे का, आतून कडी लागते का, झाकणाचा डबा आहे का. नसेल तर सहा तासांचा नियम सांगायला तोंड राहत नाही. आधी प्राचार्यांकडे अर्ज.

मावा, खर्रा आणि तीन बोटं

कर्करोगाची भीषण चित्रं दाखवू नका. भीती संध्याकाळपर्यंत टिकते आणि टपरी रात्री दहापर्यंत उघडी असते. त्याऐवजी सगळ्यांना, खाणाऱ्या-न खाणाऱ्यांना, स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगा. सुपारी, मावा, खर्रा नियमित खाणाऱ्याच्या तोंडाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तीन बोटं मावेनाशी होतात. तिखट खाल्ल्यावर आग होते तीही त्याचीच खूण. एखाद्याची अडली तर त्याच्यावर नजरा वळू नयेत म्हणून सोबत्याने लगेच पुढच्या मुद्द्यावर जायचं आणि नंतर एकटं गाठून दंतवैद्याचा पत्ता द्यायचा. सोडायचं ठरवणाऱ्याला एवढं सांगा: तलफ लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ तोंडात बडीशेप किंवा लवंग, पाय टपरीच्या उलट्या दिशेला. राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. गेटपासून टपरीपर्यंत मुलांकडून दोरीने मोजून घ्या. मोजणी मुलांना आवडते, टपरीवाल्याला नाही, म्हणून सोबत शिक्षक हवेत.

मनाची बैठक

ही ऑगस्टअखेर नको, सप्टेंबरच्या मध्यावर ठेवा. तोवर नवलाई संपलेली असते, पहिल्या चाचणीचे गुण लागलेले असतात, आणि मराठीतून बारावी केलेल्या मुलाला इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून जातंय हे त्याने कुणालाही सांगितलेलं नसतं. दहावी-बारावीला गावात पहिला आलेला मुलगा इथे नापासांच्या यादीत येतो तेव्हा तो घरी फोन करणं कमी करतो. ताण वगैरे शब्दांपेक्षा याच गोष्टी नावानिशी बोला: झोप किती वाजता लागते, मेसमध्ये कुणाबरोबर बसता, घरी शेवटचा खरा फोन कधी केला.

सोबत्यांना एक गोष्ट मात्र कसून शिकवा. कुणी ‘आता काही अर्थ नाही’, ‘मी नसलो तर बरं’ असं बोललं तर वळसे न घेता विचारायचं: ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने माणूस बोलू लागतो. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, बाथरूमपर्यंतही दाराबाहेर उभं राहायचं. दुसऱ्या सोबत्याने शिक्षकांना फोन लावायचा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो सोबत्याने स्वतःच्या फोनवरून लावून त्याच्या हातात द्यावा. काही करून बसला असेल तर १०८. ‘आईबापांचा विचार कर’ हे वाक्य बोलायचं नाही. तो त्यांचाच विचार करत असतो.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं व्हॉट्सॲपमुळे. सोयीसाठी गटाचा ग्रुप काढला जातो, त्यात मुलींचे नंबर येतात, आणि आठवड्यात कुणाच्या तरी फोनवर रात्री मेसेज सुरू होतात. ग्रुप काढू नका. सूचना वर्गप्रतिनिधीमार्फत द्या.

मग येतो अहवाल. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी जिओटॅग फोटो, म्हणजे जागेची नोंद असलेला, हवाच असतो. तो बैठकीआधी, रिकाम्या गोल खुर्च्यांचा आणि फळ्याचा काढा. बोलत्या मुलांवर कॅमेरा फिरला की ती बैठक गेली. हजेरी संख्येने लिहा, नावाने नको. शिक्षकांनी आत बसायचं नाही, पण पलीकडच्या खोलीत हजर असायचं.

एखादा सोबती समुपदेशक होऊन बसतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकाच मुलाचं ऐकतो, स्वतःचे पेपर बुडवतो. म्हणून दर पंधरवड्याला सोबत्यांची पाऊण तास बैठक शिक्षकांबरोबर घ्या. नावं न घेता, कुणाकडे काय आलं आणि कुणाला काय जड गेलं, एवढंच बोला. आणि एखाद्याने कँटीनमध्ये गटातली गोष्ट बोलून दाखवली, तर त्याला त्याच दिवशी थांबवा. समज देऊन ठेवलं तर पेटीत पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्या ‘प्रश्न नाही’ येतील.

उपयोग झाला का हे ‘कार्यक्रम कसा वाटला’ विचारून कळत नाही. सगळे ‘छान’ लिहितात. पहिल्या बैठकीला पाच प्रश्न द्या: ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे हे कसं ओळखाल, आयसीटीसी कुठे आहे, पॅड किती तासांनी बदलायचं, असे. नावाऐवजी आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस. तेच पाच प्रश्न पाचव्या बैठकीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा. शिवाय पाठवलेल्या प्रत्येकाला एक कोरी रंगीत चिठ्ठी द्या आणि ती दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे टाकायला सांगा. महिनाअखेरीस चिठ्ठ्या मोजा. किती जणांना सांगितलं आणि किती जण पोचले यातलं अंतर जास्त असेल तर अडचण बहुधा वेळेची किंवा सोबत जाण्याची असते.

फेब्रुवारीत, परीक्षांचे वेध लागायच्या आत, एफवायच्याच मुलांना तो अकरा वाजताच्या फोनचा प्रश्न विचारा आणि पुढच्या वर्षाचे सोबती निवडून ठेवा. रुग्णालयाच्या खोल्या आणि ओपीडीचे वार बदलतात, म्हणून ती वही जुन्या सोबत्याने नव्याला बरोबर नेऊन, जागेवरच दुरुस्त करून द्यायची. पेटीची किल्ली तेव्हाच द्या. आतल्या जुन्या चिठ्ठ्या त्याआधी फाडून टाका.